अर्धी चिंधी

सकाळी साडेसहाला मिस्त्रीणबाईंनी शटर वर केलं, तेव्हा गाडी दारातच उभी होती. आदल्या संध्याकाळी चौघांनी मिळून ढकलत आणली होती. रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी उभी चिरली होती आणि सगळं पाणी रस्त्याने सांडत आलं होतं. नवा रेडिएटर रात्री उशिरा खोक्यातून आला होता. आता तो बसवायचा आणि गाडी पावणेनऊला बाहेर काढायची, एवढंच काम. पण एक मिनिटही इकडे-तिकडे चालणार नव्हतं.

गाडीचे मालक टॅक्सी चालवायचे. सगळी गल्ली त्यांना 'सावकाश' म्हणायची. पुढे रोडरोलर चालला असेल तर हे त्याच्या मागून जातील, पण हॉर्न वाजवणार नाहीत, अशी त्यांची ख्याती. मिस्त्रीणबाईंचे यजमान आणि ते शाळेत एका बाकावर बसलेले, म्हणून ते बाईंना वहिनी म्हणत आणि बाई त्यांना भावजी.

सावकाशांच्या बायकोच्या, म्हणजे ताईंच्या, दोन्ही किडन्या दोन वर्षांपूर्वी निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा घाट ओलांडून पलीकडच्या शहरात जायचं, चार तास मशीनला जोडून घ्यायचं, रक्त धुऊन परत यायचं. आज अकराची वेळ होती. मागच्या महिन्यात दरड कोसळून रस्ता बंद झाला आणि एक वेळ चुकली. तेव्हा अंगात साठलेलं पाणी छातीपर्यंत चढलं आणि ताईंना आडवं होताच येईना. दोन रात्री त्या भिंतीला टेकून बसून होत्या.

"दुसरी गाडी बघितली का?" मिस्त्रीणबाईंनी बॉनेट उघडताना विचारलं.

"तिघांना विचारलं. एक विमानतळावर गेलाय, एकाचा क्लच गेलाय, तिसरा फोन उचलत नाही. आणि बसमध्ये ही दोन तास बसू शकत नाही."

"मग बोलू नका. मला दहाचा पाना द्या."

दुकानाच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर ताई बसल्या होत्या. अंगाने काटकुळ्या, पण पाय सुजलेले. डाव्या हाताला मशीनच्या सुयांसाठी केलेली फुगीर शीर, तिला कुणी धक्का लावू नये म्हणून तो हात सतत छातीशी धरलेला. जीभ मात्र कुठल्याही आजाराला दाद न देणारी.

"मिस्त्रीण, नीट बसव गं. नाहीतर ह्यांना कारण मिळेल आणखी हळू चालवायला."

"याहून हळू म्हणजे मागेच जातील."

सावकाश हसले नाहीत. त्यांची नजर घड्याळावर होती.

मिस्त्रीणबाईंचे वडील रेडिएटरला डाग द्यायचे, म्हणजे गळणारी भोकं कथील वितळवून बुजवायचे. तेव्हाचे रेडिएटर पितळेचे, जड. गळणारा रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवायचा, आत हवा भरायची आणि बुडबुडा कुठून येतो ते बघायचं. आठ-नऊ वर्षांची ही मुलगी हौदाच्या काठावर बसून बोट दाखवायची, "बाबा, इथं." वडील म्हणायचे, डोळे माझ्यापेक्षा तुझे चांगले. पुढे वडिलांचे डोळे खरंच अधू झाले आणि डाग देण्याची बंदूक हिच्या हातात आली. लग्न ठरलं तेव्हा नवऱ्याकडच्यांनी विचारलं होतं, मुलीला काय काय येतं? वडील म्हणाले, पंचेचाळीस नळ्यांचा रेडिएटर उघडून परत बंद करते. समोरचे एकमेकांकडे बघायला लागले. नवरा मात्र हसला, आणि तेवढ्यावर जमलं.

मग ॲल्युमिनियमचे, प्लास्टिकच्या टाकीचे रेडिएटर आले. ते दुरुस्त होत नाहीत, बदलावे लागतात. डाग देणाऱ्यांची दुकानं एकेक करून बंद पडली. मिस्त्रीणबाईंनी हौद विकला, बॉनेटखाली डोकं घातलं आणि बसवायचं काम शिकून घेतलं. तेव्हा त्या चाळिशीत होत्या. "या वयात?" असं विचारणाऱ्यांना त्या म्हणायच्या, "रेडिएटर माझं वय विचारत नाही." आता छप्पन्न. दुकानात दुसरं कुणी नाही. यजमान पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाल्यावर गल्ल्यावर बसतात, फोन घेतात, पेपर मोठ्याने वाचतात.

त्यांच्या कामाची एक पद्धत होती. रेडिएटर काढला की पाइपांची तोंडं उघडी पडतात. तेवढ्यात एखादा स्क्रू किंवा वायसर आत घरंगळला तर संपलंच, तो थेट इंजिनात जातो. म्हणून प्रत्येक उघड्या तोंडात त्या जुन्या चादरीची चिंधी कोंबायच्या आणि तिचं शेपूट वीतभर बाहेर ठेवायच्या. चिंधी दिसली पाहिजे, विसरताच आली नाही पाहिजे. काढलेली प्रत्येक चिंधी डाव्या हेडलाइटवर ठेवायची. वरच्या रबरी पाइपाला एक, खालच्याला एक, बाहेरच्या छोट्या टाकीकडे जाणाऱ्या बारीक नळीला एक. नेहमी तीन. नव्या रेडिएटरच्या दोन्ही तोंडांना कारखान्याची प्लास्टिकची टोपणं असतात, तिथे चिंधी लागत नाही.

आजच्या खोक्यात टोपणं नव्हती.

"कुणीतरी उघडून बघितलंय आधी," त्या पुटपुटल्या. त्यांनी आणखी एक चिंधी घेऊन मधोमध टर्रकन फाडली. अर्धी खालच्या तोंडात, अर्धी वरच्या.

पंख्याची चौकट आणि पुढचा पत्रा यांच्यामध्ये चार बोटांची फट होती. तिथून रेडिएटर खाली सोडायचा म्हणजे सुईत दोरा ओवण्यासारखं. पातळ पत्र्याची जाळी कुठे घासली तरी वाकते. वरच्या तोंडातल्या चिंधीचं शेपूट दोनदा पंख्याच्या पात्यात अडकलं. तिसऱ्यांदा बाईंनी ते बोटाने आत ढकललं. बसला की काढू.

रेडिएटर बसला. खालच्या रबरी खुंट्यांत नीट टेकला, वरच्या पट्ट्या आवळून झाल्या. खालचा पाइप चढवला. क्लिप आवळली. बारीक नळी जोडली. साडेआठ व्हायला आले होते.

"मिस्त्रीण," ताई म्हणाल्या, "माझे पाय बघ गं. सकाळी चप्पल गेली होती, आता शिरेना."

बाईंनी मान वळवली. पाय पावासारखे फुगले होते, चपलेचे पट्टे टाचेखाली दबलेले. आवाजात नेहमीची धार नव्हती.

"श्वास कसा आहे?"

"आहे अजून. चालू ठेव तू."

बाई त्या पायांकडे बघत होत्या आणि त्यांचे हात त्यांच्या सवयीने काम करत होते. वरचा पाइप तोंडावर चढला, क्लिप सरकली, स्क्रू-ड्रायव्हर फिरला. हेडलाइटवर चार चिंध्यांचा ढीग होता. नेहमीच्या तीनपेक्षा जास्तच. डोळ्याला पुरे वाटला.

कूलंट भरलं, इंजिन सुरू केलं. दहा मिनिटांत वरचा पाइप तापला, मग खालचाही कोमट झाला, पंखा गरकन फिरला आणि थांबला. काटा मध्यावर. कुठे थेंब नाही.

"निघा," बाई म्हणाल्या. "घाटात दुसऱ्या गिअरवर. घाई करू नका."

"ह्यांना सांगतेस?" ताई मागच्या सीटवर सरकता सरकता म्हणाल्या.

पावणेनऊला गाडी वळणाआड गेली. बाईंनी हात धुतले, यजमानांनी ठेवलेला चहा प्यायल्या. मग चिंध्या धुवायला घेतल्या. बादलीत बुडवून पिळायच्या आणि दोरीवर टाकायच्या. एक. दोन. तीन. चौथी हातात आली ती अर्धी होती. एका बाजूला शिवलेली किनार, दुसऱ्या बाजूला फाटलेले दोरे.

दुसरी अर्धी बादलीत नव्हती.

बाईंनी बादली उलटी केली. हेडलाइट जिथे होता तिथली जमीन बघितली, खोकं झटकलं, जुना रेडिएटर उचलून खाली बघितलं.

"काय हरवलं?" यजमानांनी पेपरवरून विचारलं.

"चिंधी."

"एवढंच ना! घरात अजून दोन चादरी—"

"अहो, ती गाडीत गेली! वरच्या तोंडात!" त्यांचा आवाज चिरकला. "शेपूट मीच आत ढकललं होतं."

यजमान उठून उभे राहिले. "पण काटा तर नीट होता. मी पाहिला."

"उभ्या गाडीत पाणी हळू फिरतं, चिंधीच्या कडेने वाट काढतं. घाटात इंजिन जोर लावेल, पंप पाणी ढकलेल, चिंधी आत जाऊन नळ्यांच्या तोंडावर पसरेल. मग पाणी जाणार कुठून? फोन लावा भावजींना."

यजमानांनी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. सावकाश गाडी चालवताना फोन डिकीत ठेवत, हे दोघांनाही माहीत होतं. मग ताईंचा लावला. तो प्लास्टिकच्या खुर्चीवरच्या उशीखाली वाजू लागला.

नऊ वाजून सात मिनिटं. घाटाचा पायथा अठरा किलोमीटर. सावकाशांच्या वेगाने ते साडेनऊच्या आत चढायला लागतील.

बाईंनी पिशवी भरली. पाने, स्क्रू-ड्रायव्हर, जाड हातमोजे, बॅटरी, तारेचा तुकडा, पक्कड, कूलंटचा डबा, पाण्याचा कॅन. ओली अर्धी चिंधी ॲप्रनच्या खिशात कोंबली आणि यजमानांची स्कूटर ओढली.

"मी येतो मागे बसून."

"तुम्ही बसलात तर घाटात स्कूटरच मला ढकलावी लागेल. फोन करत राहा."

बाई स्कूटर रोज चालवायच्या, पण बाजारापुरती. मोठ्या रस्त्यावर त्यांनी मूठ शेवटपर्यंत पिळली. दोन पायांमध्ये कॅन डचमळत होता. मनात एकच हिशेब. सपाटीवर काही होणार नाही. पुलानंतर चढ लागतो. पहिल्या वळणावर काटा हलेल. तिसऱ्या-चौथ्यावर लाल रेघ. भावजी थांबतील. थांबतील ना? की अकराची वेळ डोळ्यासमोर ठेवून तशीच रेटतील? रेटली तर इंजिनचं हेड वाकेल आणि मग ती गाडी आज काय, महिनाभर घाट चढणार नाही. आणि थांबले, तर घाबरून झाकण उघडतील. तापलेल्या पाण्याची वाफ बंद टाकीत दबून असते. झाकण फिरवलं की ती तोंडावर येते. वडिलांच्या मानेवरचा पांढरा डाग अशाच वाफेचा होता.

चिंधी तिथून आपोआप सरकली असेल, असं एकदा मनात आलं. बाईंनी ते झटकलं. चिंधी जाणार कुठे, आत सरकायला एकच जागा होती.

पाचव्या वळणावर गाडी दिसली. कडेला तिरकी उभी, बॉनेट वर, आतून पांढरा धूर. सावकाश पुढे वाकलेले, हातात चार पदरी घडी केलेला पंचा, आणि पंचा रेडिएटरच्या झाकणावर.

"हात काढा!" बाई स्कूटरवरूनच ओरडल्या. "भावजी, हात!"

ते दचकून मागे झाले. बाईंनी स्कूटर स्टँडला न लावता तशीच आडवी टाकली.

"वहिनी? तुम्ही इथं?" मग एकदम चिडून, "अर्धा तास गार व्हायची वाट बघायला वेळ आहे का माझ्याकडे? काटा लाल व्हायला लागला तसा बंद केली. काय बसवलंय तुम्ही हे?"

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. बाईंनी खिशातून अर्धी चिंधी काढली.

"हिची दुसरी अर्धी तुमच्या रेडिएटरमध्ये आहे. माझ्या हातून राहिली."

सावकाशांनी चिंधीकडे बघितलं, मग बाईंकडे.

"चिंधी," ते म्हणाले. "माझी बायको मागे बसली आहे, वहिनी. आणि तुम्ही चिंधी विसरलात."

"हो."

"पंधरा वर्षं दुसऱ्या कुणाच्या हातात गाडी दिली नाही मी!"

"भांडायचं असेल तर उतारावर भांडा," मागच्या खिडकीतून आवाज आला. ताई सीटवर सरळ बसून तोंडाने श्वास घेत होत्या. प्रत्येक वाक्यानंतर थांबत होत्या. "मला तिकडं पोचवा आधी. मग दोघं मिळून लढा."

नऊ वाजून सदतीस मिनिटं.

"एखादी गाडी थांबते का बघा," बाई म्हणाल्या. "थांबली तर ताईंना पुढे पाठवा. तोवर मी हे गार करते."

सावकाश रस्त्यात जाऊन हात करू लागले. बाईंनी कॅनमधलं पाणी ओंजळीने रेडिएटरच्या जाळीवर मारायला घेतलं. फक्त जाळीवर. एक थेंबही इंजिनावर जाऊ द्यायचा नव्हता. तापलेलं लोखंड गार पाण्याने तडकतं. पाणी जाळीला लागताच चर्र आवाज यायचा. पुन्हा ओंजळ, पुन्हा चर्र. हळूहळू तो आवाज बसत गेला.

दोन मोटारी न थांबता गेल्या. तिसऱ्यांदा एक सिमेंटचा ट्रक थांबला. ड्रायव्हर चांगला माणूस होता, खाली उतरला, केबिनचं दार उघडून म्हणाला, "बसवा आईंना." पण पहिली पायरी ताईंच्या कमरेएवढी होती. सावकाशांनी त्यांना उचलायचा प्रयत्न केला. डाव्या हाताला धक्का लागेल म्हणून ताईच ओरडल्या, "नको, नको, शीर फुटेल!" ट्रकवाला दोन मिनिटं अवघडून उभा राहिला, त्याने आपल्याकडची पाण्याची बाटली दिली आणि गेला.

दहाला पाच कमी असताना बाईंनी झाकणावर हात ठेवून बघितलं. चटका बसत होता, पण हात राहत होता. मोजा घातला, पंचा टाकला, तोंड बाजूला वळवलं आणि झाकण अर्धं वळण फिरवलं. फस्स झालं. त्या तशाच थांबल्या. आवाज संपेपर्यंत थांबल्या. मग आणखी अर्धं वळण.

"भावजी, बॅटरी धरा."

सावकाश आले आणि त्यांनी बॅटरी धरली.

वरच्या पाइपाची क्लिप सैल केली. पाइप ओढताना आतलं उरलेलं पाणी मोजा आणि बाही यांच्या मधल्या उघड्या मनगटावर सांडलं. बाईंनी दात आवळले, पाइप सोडला नाही. तोंड मोकळं झालं. बॅटरीच्या उजेडात आत काळोख, पाण्याचे थेंब, आणि खाली नळ्यांवर चिकटून बसलेली निळसर-पांढरी चादर. अगदी पोळपाटावर पसरल्यासारखी.

तारेच्या टोकाला पक्कडीने आकडा केला. पहिल्यांदा आत घातला तर फक्त एक दोरा आला. दुसऱ्यांदा कापड हललं, पण सुटलं नाही.

"ओढा ना," सावकाश म्हणाले.

"जोरात ओढलं तर फाटेल. तुकडा राहिला तर पुन्हा हेच."

तिसऱ्यांदा त्यांनी आकडा कडेने फिरवला, कापड गुंडाळत गुंडाळत, शेवयांसारखं. मग हळूहळू वर घेतलं. चिंधी आली. वाफाळलेली, चुरगळलेली.

सावकाशांनी झटकन पाइप उचलला. "लावा आता."

"थांबा."

बाईंनी गाडीच्या पत्र्यावर खिशातली अर्धी चिंधी पसरली. तिच्या शेजारी आत्ता काढलेली. फाटलेली कड फाटलेल्या कडेला लावली. दोरे दोऱ्यांना जुळत गेले, जुळत गेले आणि कोपऱ्याशी येऊन थांबले. अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा नव्हता.

"एवढ्याशाने काय होतंय!" सावकाशांचा आवाज रडवेला झाला. "दहा वाजून गेले, वहिनी!"

"दोन-तीन नळ्या बंद होतील. चढ अजून निम्मा बाकी आहे." बाईंनी बॅटरी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि डोळा तोंडाला लावला. उजवीकडे काही नाही. मधे काही नाही. डावीकडे, टाकीच्या अगदी कोपऱ्यात, काहीतरी फिकट. ते प्लास्टिक होतं की कापड, कळेना. मनगट जळत होतं. मागे ताई खोकल्या, तो खोकला लवकर थांबेना.

बाईंनी तार सरळ केली, आकडा पुन्हा वळवला, या वेळी बारीक. आत घातला. टोक कशाला तरी मऊ लागलं. प्लास्टिक मऊ लागत नाही. फिरवलं, वर घेतलं. तारेच्या टोकाला तो तुकडा लोंबत होता.

कोपऱ्यावर ठेवला. बसला. चिंधी पुरी झाली.

मग सगळं भरभर झालं. पाइप, क्लिप, कूलंट. गाडीचं नाक चढाकडे होतं, ते बरंच होतं. रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच आलं की आत अडकलेली हवा आपोआप वर येते. बुडबुडे आले, पाणी खाली गेलं, पुन्हा भरलं. बुडबुडे थांबले. झाकण लावलं. दहा वाजून एकवीस मिनिटं.

बाईंनी स्कूटर कठड्याला लावून कुलूप घातलं आणि न विचारता पुढच्या सीटवर बसल्या.

"मी येतेय. काटा बघायला."

सावकाशांनी गाडी सुरू केली. सहावं वळण. सातवं. काटा मध्याच्या किंचित वर गेला, बाई पुढे वाकल्या. काटा तिथेच थांबला. नवव्या वळणावर तो पुन्हा खाली आला. गाडीत दोनच आवाज होते. फक्त इंजिन आणि मागून येणारा ताईंचा श्वास. बाई दोन्ही ऐकत होत्या, आणि दोन्हींतलं कुठलं बिघडेल याची त्यांना सारखीच भीती वाटत होती.

माथ्यावर फोनला रेंज असते, तिथे गाडी क्षणभर थांबली. डिकीतून फोन काढून सावकाशांनी मशीनच्या खोलीत लावला. पलीकडचा तंत्रज्ञ म्हणाला, "काका, सव्वाअकरा. त्यानंतर मशीन रिकामं नाही ठेवता येणार मला. बाहेर दोन जण थांबलेत."

गाडी उताराला लागली. सावकाशांनी पुढचा टेम्पो बघितला, आरसा बघितला, हॉर्न दिला आणि ओव्हरटेक केला. मग एक बस. मग दोन मोटारी एकदम.

"अगं बाई," ताई क्षीण आवाजात म्हणाल्या. "एवढे दिवस आजारी आहे, पण हे बघायला मिळालं नव्हतं."

सावकाशांच्या खांद्यांचा ताठपणा थोडा उतरला.

दवाखान्याच्या दारात गाडी थांबली तेव्हा अकरा वाजून चोवीस मिनिटं झाली होती. सावकाश चाकाची खुर्ची आणायला धावले. बाई ताईंच्या उजव्या बाजूने हात घालून त्यांना उतरवू लागल्या. ताईंचं सगळं वजन त्यांच्यावर आलं, आणि ते वजन केवढं कमी आणि केवढं जड आहे, हे बाईंना पहिल्यांदा कळलं.

मशीनच्या खोलीच्या दारात एक म्हातारे गृहस्थ वजनकाट्यावर उभे होते. पुढचा नंबर त्यांचा लागला होता.

"सव्वाअकरा म्हणालो होतो," तंत्रज्ञ म्हणाला.

"चूक माझी आहे," बाई मधे पडल्या. मनगट लालबुंद, ॲप्रन काळं, केस विस्कटलेले. "गाडीच्या कामात मी चुकले. ह्यांची काही चूक नाही. ह्यांना श्वासही पुरत नाहीये, पाय बघा."

तंत्रज्ञाने खाली वाकून ताईंच्या नडगीवर बोट दाबलं. बोटाचा खड्डा तसाच राहिला. त्याने वजनकाट्यावरच्या गृहस्थांकडे बघितलं.

"काका, तुम्हाला तीनच्या खेपेला घेतलं तर?"

"मला घरी जाऊन तरी काय करायचंय," ते गृहस्थ काट्यावरून उतरत म्हणाले. "घ्या त्यांना."

"पण तीनला मशीन सोडावं लागेल," तंत्रज्ञ सावकाशांना म्हणाला. "चार तासांचे आता साडेतीनच मिळतील. सगळं पाणी निघणार नाही. दोन दिवस पाणी मोजून प्यायचं, आणि नेहमीपेक्षा कमी. सांभाळाल ना?"

"सांभाळू."

"अर्धा तास तू खाल्लास गं मिस्त्रीण," ताई पलंगाकडे जाताना म्हणाल्या. चिडून नव्हे, हिशेब सांगावा तसं.

"हो ताई," बाई म्हणाल्या.

बाहेर बाकावर दोघं बसले, मधे एका माणसाची जागा सोडून. दाराच्या काचेतून आतलं दिसत होतं. तंत्रज्ञ आणि एक नर्स मशीनच्या दोन बाजूंना उभे होते. तो एकेका नळीवर बोट ठेवून मोठ्याने नाव घ्यायचा. ती त्या नळीचा चिमटा, मग जोड हाताने चाचपायची आणि "हो" म्हणायची. तिचा "हो" आल्याशिवाय त्याचं बोट पुढे सरकत नव्हतं. सगळं झाल्यावर पंप फिरायला लागला आणि पारदर्शक नळीतून रक्त हळूच पुढे सरकलं.

बाई बराच वेळ ते बघत राहिल्या.

"मी एकटीच काम करते," त्या म्हणाल्या. "बोट ठेवणारी मीच आणि हो म्हणणारीही मीच."

सावकाश उठले. आत जाऊन त्यांनी नर्सकडून मलम आणलं आणि बाईंच्या मांडीवर ठेवलं. मग पुन्हा आपल्या जागी बसले.

"परवा साडेसहाला गाडी आणतो," ते म्हणाले. "दोन्ही पाइप पुन्हा काढायचे. मला आत बघायचंय."

"आणा."

"मी विचारणार एकेक. तुम्ही दाखवायचं."

"विचारा," बाई म्हणाल्या आणि मलमाचं झाकण उघडू लागल्या. एका हाताने ते उघडेना. सावकाशांनी ते त्यांच्याकडून घेतलं.